आकारामची शिल्लक लाईफ

मेल्याचं सोंग आकारामसारखं कुणाला जमत नसे.

वडूजच्या पलीकडं त्याचं गाव. जत्रेला तिथं दरसाल नाटक बसायचं. नाटक कुठलंही असो, दुसऱ्या अंकात कुणीतरी मरायचंच. पाटील मरायचा, नाहीतर पाटलाचा भाऊ. आणि एकदा मेला की त्याला शेवटच्या पडद्यापर्यंत स्टेजवर पडून राहावं लागायचं, कारण अख्खा तिसरा अंक त्याच्याभोवती बसून रडण्यात जायचा. एका साली पाटलाचं काम करणाऱ्या गड्याला ऐन रडारडीत शिंक आली. एक न्हवं, तीन. जत्रा हसून हसून लोळली. नाटक बसवणारे गुरुजी विंगेत कपाळ धरून बसले आणि पुढच्या साली त्यांनी वाटणीच करून टाकली: मरायच्या आधीचा पाटील एक, मेल्यानंतरचा पाटील दुसरा. दुसरा पाटील म्हणजे आकाराम. वय सतरा.

"तुला बोलायचं काय न्हाई," गुरुजी म्हणाले. "हलायचंबी न्हाई."

"मग म्या करायचं काय?"

"मेलेलं ऱ्हायचं."

"एवढंच व्हय?"

"करून बघ. म्हंजे कळंल, एवढंच हाय का केवढं हाय."

आकारामनं करून बघितलं. पोटानं श्वास घेतला तर चादर हलते, छातीनं घेतला तर जास्तच हलते, म्हणून त्यानं श्वास पाठीनं घ्यायला शिकून घेतलं. पाठ फळीला टेकलेली, त्यामुळं तिचं फुगणं कुणाला दिसत नसे. मुंगी कानात शिरली तरी तो तिला आत जाऊ द्यायचा आणि बाहेर येईपर्यंत थांबायचा. दोन-तीन वर्षांत त्याचं नाव झालं. आसपासच्या गावांची नाटकं त्याला बोलावू लागली. सायकलच्या कॅरेजवर बसवून न्यायची त्याला. स्टेजमागून कुणी ओरडायचं, "आरं, मढं आलं का?" आणि कुणी उत्तर द्यायचं, "आलंय, चा पितंय."

लग्न झालं ते बाविसाव्या वर्षी. बायको मायणीकडची, धोंडुबाई. नवरा नाटकात काम करतो एवढं तिला ठाऊक होतं. काम कसलं, ते सांगायचं राहून गेलं. आकारामला वाटलं तिच्या जावेनं सांगितलं असेल, जावेला वाटलं त्यानं सांगितलं असेल.

जत्रेच्या दिवशी ती पुढंच बसली होती. नवं लुगडं, कोपरापर्यंत हिरवा चुडा. दुसरा अंक संपला, तिसऱ्याचा पडदा वर गेला आणि चार माणसांनी तिरडीवरनं आकारामला आत आणलं. नाकात कापूस, अंगावर गुलाल.

"आवं!"

धोंडुबाई उठली ती बायकांच्या अंगावरनं, पोराबाळांच्या डोक्यावरनं तशीच स्टेजवर चढली. तिनं त्याला खांद्याला धरून गदगदा हलवलं. "आवं! उठा की! काय झालं वो ह्यास्नी? मगाशी तर चांगलं जेवून आलं... आवं!"

जत्रा चिडीचूप. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, गुरुजींनी औंदा पाटलाला बायको दिलीय आणि बाई काम काय झकास करतीय. रडायला बसलेले सगळे नट तिच्याकडं बघत रडायचं विसरून गेले.

आणि आकाराम?

आकारामला सगळं ऐकू येत होतं. तिच्या बांगड्या त्याच्या छातीवर आपटत होत्या, तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या हनुवटीवर पडत होतं. त्यानं डोळे उघडले नाहीत. दोन मिनिटं, त्याला वाटलं, दोन मिनिटांत पडदा पडंल, मग सांगू. गुरुजींनी खूण केलीच होती, पण पडद्याची दोरी अडकली. दोनाची पाच-सहा मिनिटं झाली. तेवढा सगळा वेळ ती हाका मारत होती आणि तेवढा सगळा वेळ तो पाठीनं श्वास घेत पडून होता.

त्यानंतर ती चिडली नाही, की माहेरी गेली नाही. घरी आल्यावर एकच म्हणाली, "म्या हाक मारली. तुमी ओ दिली न्हाई."

"आगं, नाटक व्हतं."

"तुमचं नाटक व्हतं. माजं न्हवतं."

पुन्हा ती त्याच्या नाटकाला गेली नाही. "जित्या डोळ्यानं नवऱ्याचं मढं बगायचं व्हय?" म्हणायची. पण त्याला जायला कधी आडवी आली नाही. भाकरी बांधून द्यायची, धोतर धुऊन ठेवायची. फक्त तो परत आला की दार लगेच उघडायची नाही. आतून हाक यायची, "आवं!" त्यानं बाहेरून "ओ" म्हणायचं. मग कडी निघायची. पुढं पुढं नाटक असो नसो, बाजारातनं आला तरी हाक, परसातनं आला तरी हाक. तेवीस वर्षं हा रिवाज चालला. आकाराम कधी थट्टेनं गप्प राहून बघायचा नाही.

एव्हाना दोघंही पोटामागं सांगलीला आली होती. आकाराम हळदीच्या हमालीत, धोंडुबाई हळद निवडायला. गावाकडच्या जत्रेत आता ऑर्केस्ट्रा यायचा. नाटकं बंद पडली होती. दहा वर्षांत आकाराम कुठंच मेला नव्हता.

मग सत्त्याण्णव साली, वडूजची एसटी लागायला वेळ होता म्हणून, तो स्टँडसमोरच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात डोकावला. आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज येत होता, तो बघायला.

दुकान मुकुलचं. लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय, जोडीला ही गेमची मशिनं. त्यातल्या एका मशिनीपुढं गर्दी होती. पडद्यावर कसलीशी पडकी हवेली, तिच्यातनं मेलेली माणसं उठून अंगावर येत होती, आणि एक धिप्पाड गडी प्लॅस्टिकच्या बंदुकीनं एकेकाचा कपाळमोक्ष करत होता. हा वीरधवल. उंब्रजजवळच्या ऊसवाल्या घरातला, फौजेत होता, सुट्टीवर आलेला. त्याची एक गोळी वाया जात नव्हती.

आकाराम मान वाकडी करून बघत राहिला. मग म्हणाला, "ह्यांचं चुकतंय."

"कुणाचं?" मुकुलनं विचारलं.

"ह्या मढ्यांचं. हात म्होरं करून कशापाय चालत्यात? त्यास्नी काय वाट चाचपायची हाय? जो मेला त्याला कसली घाई न्हाई आन् कशाची भीती न्हाई. त्यो असा चालंल व्हय?"

"मग कसा चालेल, काका?"

आकारामनं हातातली पिशवी खाली ठेवली. डोळे मिटले, श्वास पाठीत नेला. मग डोळे उघडले, पण त्यांत बघणं ठेवलं नाही, आणि तो चालू लागला. दुकानातली पोरं ओरडत रस्त्यावर. वीरधवल आवाज ऐकून वळला आणि त्याच्या हातातली प्लॅस्टिकची बंदूक आपोआप वर आली.

"काका," तो हळूच म्हणाला, "खाली बसा. आधी खाली बसा."

मुकुल मात्र तेवढ्यात हरखून गेला होता. गेले सहा महिने त्याच्या डोक्यात एकच होतं: ह्या गेमचा पिक्चर काढायचा. कॅमेरा घरचा, हिरो आयता मिळाला होता, अडत होतं ते मेलेल्यांपाशी. "काका, तुम्ही मुख्य मुडदा. आणखी चाळीस लागतील."

"चाळीस? हळदीचं हमाल चालतील?"

"पळतील! गोष्टही हळदीचीच आहे. हरिपूरची पेवं बघितलीत ना तुम्ही?"

आकाराम हसला. जमिनीखालच्या त्या हळदीच्या खोल कोठारांत उतरण्यात त्याची दहा वर्षं गेली होती. मुकुल सांगत होता, कंपनीचा डॉक्टर पेवात कसलंसं औषध ओततो, आत उतरलेली माणसं मरतात, सात वर्षांनी पेव उघडतात तर माणसं उठून वर येतात, आणि मग मारामारी, मारामारी, मारामारी. आकाराम त्या मशिनीच्या कोपऱ्यात चमकणाऱ्या तीन लाल बदामांकडं बघत होता.

"ह्ये काय?"

"लाईफ. एकदा मेलं की एक जाते. खेळणाऱ्याला तीन असतात."

"आन् मढ्यांस्नी?"

"त्यांना कसली लाईफ? ती मेलेलीच."

"पर उठत्यात की," आकाराम म्हणाला, आणि त्याची एसटी सुटली ती त्यानं जाऊ दिली.

घरी धोंडुबाई भाकऱ्या थापत होती. हाक झाली, ओ झाली, कडी निघाली. आकाराम चुलीपाशी जेवायला बसला.

"एक काम मिळालंय. पिक्चरमंदी."

"कसलं?"

"मेल्याचं."

थापणं चालूच राहिलं. "करा. भाकरी बांदून देते."

"आगं पर ह्यात मेलेला उठतो."

हात थांबला. "उठतो म्हंजे?"

"उठून चालतो. चांगला पेवातनं वर येतो आन् चालाय लागतो."

"आन् शेवटाला?"

शेवटाला काय होतं ते आकारामनं विचारलंच नव्हतं. "शेवटाला काय न्हाई," तो म्हणाला. "चालतोच."

धोंडुबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. भाकरी उलटली. मग तव्याकडंच बघत म्हणाली, "पडनार नसला, तर येते बगाय."

तेवीस वर्षांत ती असं पहिल्यांदा म्हणाली होती. आकारामनं तोंडातला घास तसाच ठेवून मान हलवली.

रंगाचा प्रश्न तिनंच सोडवला. मुकुलनं मुडद्यांसाठी पांढरी पावडर आणली होती, पण हळदीच्या हमालाच्या अंगावर पांढरं टिकतंय होय! घाम आला की आतली हळद वर. सगळे मुडदे नवरदेवासारखे दिसू लागले. "ह्यांना बघून हिरो अक्षता टाकेल," मुकुल रडकुंडीला आला.

आकारामनं घरी सांगितलं तर धोंडुबाई म्हणाली, "कापडाची नीळ लावा."

नीळ लावली. पिवळ्यावर निळं चढलं आणि चाळीसच्या चाळीस हमाल हिरवेगार पडले. मुकुलनं धोंडुबाईला लांबूनच हात जोडले. रक्तही तिनंच करून पाठवलं. हळद कालवली, तिच्यात चुना घातला, लालभडक झाली. डबा आकारामच्या हातात देताना ती जरा थांबली.

"ह्ये रगत म्हनून लावनार?"

"व्हय."

"आन् म्या रोज कपाळाला लावते त्ये काय निराळं असतंय?" असं म्हणून तिनं डब्याला फडकं बांधलं.

शूटिंग हरिपुरात, चार दिवस, चिंचांच्या झाडांच्या पलीकडं. पहिल्याच दिवशी आकारामनं मुकुलशी भांडण केलं. मुकुलला पेव उघडून लगेच माणसं आत सोडायची होती. आकारामनं कॅमेऱ्यापुढं आडवं उभं राहून सांगितलं की आदल्या दिवशी पेव उघडून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कंदील सोडायचा, कंदील जळता राहिला तरच माणूस सोडायचा.

"काका, दिवस वाया जातोय माझा!"

"जाऊ दे की. आत हवा मेलेली असती. मुडद्याचं काम कराय आलोय आमी, मुडदं व्हाय न्हाई."

दुसऱ्या दिवशी कंदील जळता राहिला आणि पिक्चर सुरू झाला.

वीरधवल बुलेटवरनं पेवाच्या तोंडावरनं उडी मारून गेला. चिंचेच्या फांदीला लोंबकळून त्यानं चौघांना लाथा घातल्या. पोत्यांची थप्पी ढासळली, तिच्याखाली सातजण मेले. मरायला हमाल उत्साही, पण मेलेलं राहायला कुणी तयार नाही. मुकुलचा घसा बसला.

"ए जोतीराम! आरं मेलायस की तू मगाच!"

"मगाशी मेलो त्यो त्या पोत्यामागं. हितं न्हाई मेलो अजून."

"एकच माणूस आहेस ना तू?"

"मग एकदाच मरू व्हय? एवढी नीळ लावून?"

वीरधवल पोट धरून हसला. आकाराम हसला नाही. एकेकाला बाजूला घेऊन तो शिकवत होता, श्वास पाठीत कसा न्यायचा, डोळ्यांतलं बघणं कसं काढून ठेवायचं. चौथ्या दिवशीपर्यंत चाळीस हमाल असे चालू लागले की हरिपूरच्या बायकांनी त्या वाटेनं पाण्याला जाणं सोडलं.

चौथ्या दिवशी शेवटचा प्रसंग. सगळे मुडदे मारून झालेत, हिरो दमून उभा आहे, आणि पेवातनं शेवटचा मुडदा वर येतो. आकारामच्या कपाळावर मुकुलनं डब्यातल्या लालाचा टिळा ठेवला.

"ही गोळी. हिरो इथं मारणार, मग तुम्ही मागच्या मागं पेवाच्या काठावर पडायचं. तुम्ही पडलात की पिक्चर संपला."

आकारामला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "पडायचं?"

"अहो, मुडदा आहात ना तुम्ही?"

आकाराम वळला. पेवात उतरला, वर आला, चालू लागला. वीरधवलनं टिकल्यांचं पिस्तूल रोखलं. फाट! आकाराम चालतच राहिला.

"कट! काका, गोळी लागली तुम्हाला!"

पुन्हा. फाट! पुन्हा आकाराम चालत हिरोच्या छातीपर्यंत आला आणि हात बांधून उभा राहिला.

तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मुकुलनं टोपी जमिनीवर आपटली. उन्हं कलली होती, शेवटची बॅटरी होती, कॅमेरा उद्या कराडच्या लग्नाला जायचा होता. "आयुष्यभर पडून राहायचं काम केलंत, काका! आज एकदा, फक्त एकदा पडता येत नाही?"

"तवा पडून ऱ्हायलो," आकाराम म्हणाला, "म्हनूनच येत न्हाई."

त्याचा आवाज असा निघाला की हमालांची चेष्टामस्करी थांबली. मुकुलला काही उमगलं नाही. तो बॅटरीकडं बघत तणतणत लांब गेला. वीरधवल मात्र आकारामला चिंचेच्या बुंध्याशी घेऊन गेला.

"क्या बात है काका? मला तरी सांगा."

आकारामनं सांगितलं. नवा चुडा, तिरडी, अडकलेली दोरी. "पाच-सा मिन्टं ती हाका मारत व्हती गड्या, आन् मला सम्दं ऐकू येत व्हतं. आता म्हनलीया, पडनार न्हाई तर येते बगाय. म्या व्हय म्हनलोय. न पडता मला दुसरं कायबी करायला सांग. त्या चिंचेवरनं उडी मारू?"

वीरधवल पिस्तुलाची नळी बोटानं पुसत राहिला.

"माझी आई," तो म्हणाला, "सुट्टी संपली की फाट्यावर येती सोडायला. गाडी सुटली की नावानं एक हाक मारती. मला खिडकीतनं ओरडून ओ द्यावी लागती. गाडीतली माणसं हसत्यात." मग तो उठला. "चला. पेवात उतरा."

"आन् गोळी?"

"उतरा म्हनलं की. ऑर्डर हाय."

मुकुलनं कॅमेरा लावला. आकाराम वर आला, हिरवा, कपाळावर लाल टिळा, आणि चालू लागला. वीरधवलनं पिस्तूल रोखलं, एक डोळा मिटला, आणि फाट होण्याआधी नळी बोटभर डावीकडं सरकली.

कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांना आवाजच ऐकू आला. वीरधवलनं पिस्तूल खाली केलं.

"चुकला," तो म्हणाला.

"कोण चुकला?" मुकुल कॅमेऱ्याला डोळा लावूनच ओरडला.

"मी. नेम चुकला माझा."

"तुझा? माझ्या मशिनीवर पहिला नंबर आहे तुझा! तुझा कसा चुकेल?"

"चुकला म्हनलं की, गड्या. माणसाचा चुकतो एकेकदा. आता गोळ्या संपल्या. तुझ्या गेममंदी गोळ्या संपल्यावर मुडदं काय करत्यात?"

"चालत येतात."

"मग येऊ दे."

आकाराम वीरधवलच्या शेजारून गेला, कॅमेऱ्याच्या शेजारून गेला आणि चिंचांच्या सावलीतून सांगलीच्या रस्त्याला लागला. मुकुलनं कॅमेरा वळवला. का वळवला ते त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. बॅटरी संपेपर्यंत तो पाठमोरा हिरवा माणूस त्यानं टिपला. आकारामला कुणी थांब म्हणालं नाही, म्हणून तो तसाच घरापर्यंत गेला. वाटेत दोन रिक्षावाल्यांनी रिक्षा बाजूला घेतल्या.

पिक्चर दाखवला तो रविवारी दुपारी, सौद्याच्या शेडमध्ये. बाजार बंद होता. उजेड अडवायला पोत्यांचे पडदे लावले होते, आणि हळदीच्या थप्पीवर मुकुलनं घरचा टीव्ही ठेवला होता. हमाल, त्यांच्या बायका, पोरं, सगळी शेड भरली. धोंडुबाई आली. पुढंच बसली, पण पदर कपाळापर्यंत ओढून आणि नजर खाली. शेजारी तिच्याबरोबर हळद निवडणारी मनुबाई. आकारामला पुढं बसवेना. तो पार मागं, दाराला पाठ टेकून उभा राहिला.

पिक्चर सुरू झाला. पेवात पडलेली माणसं दाखवली, त्यांत आकारामचा चेहरा जवळून, डोळे मिटलेले. धोंडुबाईची नजर जमिनीला खिळलेली.

"बग की गं," मनुबाई म्हणाली.

"तू बग आन् मला सांग."

"आगं, जोतीराम मेला. आत्ता गं बया, पुन्यांदा मेला. फौजी लय भारी लाथ मारतोय... आगं थप्पी पडली! सात जन गेलं!" शेडमध्ये शिट्ट्या चालल्या होत्या, पोरं आपापला बाप दिसला की उड्या मारत होती. "धोंडे, आता शेवटचं पेव उगडलं. हात आला वर. डोस्कं आलं... उठला गं! तुजा उठला!"

धोंडुबाईनं मान वर केली.

तिच्यासमोर तिचा नवरा उभा होता. अंगाला तिनं सांगितलेली नीळ, कपाळाला तिनं कालवलेलं कुंकू. तो चालत तिच्याकडंच येत होता. मग मधे हिरो आला. त्यानं पिस्तूल रोखलं, एक डोळा मिटला. शेड चिडीचूप झाली.

"आवं!"

धोंडुबाई उभी राहिली होती. हाक तीच होती, जत्रेतली. मागं दाराशी एक क्षण, अगदी सवयीनं, आकारामचा श्वास पाठीत गेला.

टीव्हीवर फाट झालं. तो पडला नाही.

"ओ!" आकाराम ओरडला.

शेडमधली सगळी डोकी मागं वळली. त्याला कुणाचं भान नव्हतं. "ओ!" तो पुन्हा म्हणाला, आणखी मोठ्यानं, आणि त्याचा आवाज फाटला. "ओ, ओ, हाय की मी! हितं हाय!"

कुणी हसलं, कुणी गप्प केलं. धोंडुबाई वळली नाही. ती हळूहळू खाली बसली, पदर डोक्यावरनं घसरला तो तिनं घसरू दिला. टीव्हीवर पाठमोरा हिरवा माणूस चिंचांखालून लांब लांब चालला होता, आणि ती डोळ्यांतलं पाणी न पुसता बघत होती.

"मने," ती म्हणाली, "डावा पाय बग कसा टाकत्यात. लंगडं न्हवं, पोतं उचलून उचलून झालंय. रातच्याला तेल लावाय लागंल."